हत्तीच्या बागेचं खरं नाव

आमच्या शेजारच्या कमलाकाकू सोवनी नवऱ्याचं नाव घेत नसत. त्या काळच्या बायकांच्या मानाने यात नवल काही नव्हतं. माझी आई घेत नव्हती, सासूबाई घेत नव्हत्या. फरक एवढाच की माझे वडील पोस्टात होते आणि काकूंचे यजमान आमदार होते. पोस्टातल्या माणसाचं नाव न घेता संसार होतो. आमदाराचं नाव न घेता निवडणुकीचा प्रचार कसा करायचा, हे मात्र काकूंनाच विचारायला हवं.

त्यांच्या यजमानांचं नाव गोपाळकृष्ण विनायक सोवनी. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं. गावाला ती सोय होती, काकूंना तीही नव्हती, कारण नवऱ्याला भाऊ कसं म्हणणार? त्यामुळे काकूंच्या बोलण्यात भाऊ म्हणजे नुसते 'हे', नाहीतर 'आमच्याकडे'. 'आमच्याकडे मुंबईला अधिवेशनाला गेलेत' हे वाक्य मी लहानपणी इतकं ऐकलं की अधिवेशन म्हणजे काहीतरी आजार असावा आणि तो फक्त काकूंच्या घरात येतो, असं मला वाटायचं.

त्यात नाव देवाचं, तेही एक सोडून दोन. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गोपाळकाला म्हणायचो, काकू दहीकाला म्हणायच्या. देवळात कीर्तन संपलं की बुवा जयघोष करत आणि सगळ्यांचे आवाज चढत. काकू तेवढ्यापुरत्या डोळे मिटून हात जोडत आणि ओठ घट्ट मिटून घेत. लग्नात घास भरवताना त्यांनी एकदा उखाण्यात नाव घेतलं होतं म्हणे, पण इतक्या हळू, की पंगतीतल्या बायका आम्हाला ऐकूच आलं नाही म्हणून भांडल्या. काकू दुसऱ्यांदा घ्यायला तयार झाल्या नाहीत. लिहायला मात्र त्यांची हरकत नसे. माझं सासरही आमच्याच आळीत, आणि मी बँकेत कामाला होते. खात्याच्या कामासाठी काकू आल्या आणि कोणी नवऱ्याचं नाव विचारलं, की त्या काचेखालून हात पुढे करून पेन मागायच्या आणि सुबक अक्षरात लिहून द्यायच्या. लिहिणं म्हणजे घेणं नव्हे, असा त्यांचा नियम होता. तो कोणी केला होता ते त्यांनाही माहीत नव्हतं.

भाऊ आणीबाणीच्या आधी एकदा अपक्ष म्हणून निवडून आले आणि नंतर दोनदा पडले. निशाणी होती छत्री. काकू हळदीकुंकवाच्या निमित्ताने बायकांमध्ये प्रचाराला जात. हातखंब्याच्या पुढे एका वाडीत त्यांनी अंगणात बसलेल्या बायकांना छत्रीचं चित्र दाखवलं आणि हिच्यावर शिक्का मारा म्हणून सांगितलं. तिथे सगुणा नावाची एक बाई होती, तोंडाची फटकळ.

ती म्हणाली, "छत्री कुनाची ती तर सांगा, बाय."

"आमच्या घरची," काकू म्हणाल्या.

"घरची म्हंजे कुनाची?"

"छापलंय ना खाली. वाचा."

"वाचता आला आसता तर तुमाला कशाला इचारला आसता?"

आता काय करायचं? काकूंनी तिला विचारलं, बासरी वाजवणारा देव कोणता. सगळ्या म्हणाल्या, किस्न. आणि लहानपणी तो काय राखायचा? गाया. मग गाया राखणाऱ्याला काय म्हणतात, ते त्याच्या आधी लावा. सगळी वाडी कोडं सोडवायला बसली. कोणी गवळी लावून बघितलं, कोणी गुराखी. शेवटी एका म्हातारीने बरोबर जुळवलं आणि बायका हसून हसून लोळल्या. त्या वाडीने छत्रीला भरभरून मतं दिली, असं भाऊ पुढे भाषणातून सांगायचे. खरंखोटं देव जाणे, पण ते ऐकताना काकू लाजून लाल व्हायच्या, हे मी स्वतः पाहिलंय.

ऐकायला गंमत वाटते. राहायला तेवढी गंमत नव्हती. भाऊ चांगले होते, अगदी सज्जन, पण घरचे कधीच नव्हते. सकाळी दात घासायच्या आधी पडवीत माणसं येऊन बसलेली असत. कोणाची बदली, कोणाचा सातबारा, कोणाच्या मुलीचा दाखला. काकू चहा करत. चहाच्या आधणात आयुष्य गेलं, असं त्या हसत म्हणायच्या, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दोघांना मूलबाळ नव्हतं. एकदा मे महिन्यात गच्चीवर आंब्याची साठं उलटत असताना मी आगाऊपणे विचारलं, "काकू, आता कोण बोलणार आहे तुम्हाला? घेऊन टाका की नाव एकदाचं."

काकू साठाची कड सुरीने सोडवत होत्या. "अगो, ते सगळ्यांचे आहेत," त्या म्हणाल्या. "सभेत त्यांचं नाव, भिंतीवर त्यांचं नाव, शिव्या द्यायच्या तरी त्यांचंच नाव. ज्याला पाहिजे तो घेतो. मी एकटी घेत नाही. माझ्या वाट्याला त्यांच्यातलं तेवढंच आलंय बघ."

मी पुढचं साठ उलटायला घेतलं.

अजून एक गोष्ट मात्र त्यांच्या वाट्याची होती. आमच्या आळीच्या टोकाला, नाचणे गावाच्या बाजूला, सार्वजनिक पडीक जागा होती. जागा कसली, नुसता काळा कातळ, मध्ये करवंदीच्या जाळ्या. भाऊ घरी असले आणि काम नसलं, तर संध्याकाळी दोघं चालत तिथपर्यंत जात आणि कातळावर बसत. तिथे कोणी कामं घेऊन येत नसे, कारण तिथे माणसाने का यावं हेच कोणाला कळत नसे. भाऊ हात लांब करून दाखवत, इथे झाडं, इथे बाकं, इथे पोरांना खेळायला. ती जागा दुकानांचे गाळे काढायला मिळावी म्हणून बऱ्याच जणांचा डोळा होता. भाऊंनी आमदार असताना ती बागेसाठी राखून ठेवायला लावली, आणि पडल्यावरही कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून ती तशीच राखली. दुसऱ्यांची किती कामं केली असतील, पण हे एकच काम असं, की त्याचे आभार मानायला कोणी आलं नाही आणि ते करताना काकू शेजारी बसलेल्या होत्या.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात भाऊ गेले. सकाळी पेपर वाचता वाचता मान कलली, एवढंच. शोकसभा झाली, सर्वपक्षीय माणसं रडली, आणि त्या रडण्याच्या ओघात नगरपालिकेने ठराव करून टाकला: त्या जागेवर उद्यान करायचं आणि त्याला भाऊंचं नाव द्यायचं. आमची पालिका एरवी गटार उपसायलाही वर्ष लावते, पण ठराव करायला तिला कधी वेळ लागत नाही. बाग व्हायला मग दोन वर्षं गेली. कातळ फोडून खड्डे काढले, त्यात माती भरली, गुलमोहर आणि सोनमोहर लावले. काकू रोज संध्याकाळी बघायला जायच्या. एखादं रोप मान टाकतंय असं वाटलं की घरून कळशी भरून नेत. पालिकेचा माळी त्यांना काही बोलत नसे. आमदारीणबाई पाणी घालतायत म्हटल्यावर तो निश्चिंत होऊन विडी ओढत बसे.

लोकार्पण ठरलं दोन हजार एकच्या जानेवारीत, प्रजासत्ताक दिनानंतरच्या रविवारी. नगराध्यक्ष स्वतः घरी आले. काकूंच्या हस्ते पडदा दूर करायचा आणि त्यांनी माइकवर एक वाक्य बोलायचं, असा बेत होता. वाक्य त्यांनी लिहूनच आणलं होतं. काकूंनी कागद वाचला आणि घडी करून परत दिला.

"पडदा ओढीन," त्या म्हणाल्या. "बोलायचं ते ही वैदेही बोलेल."

नगराध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकूंकडे. नाही म्हणायला वावच नव्हता.

त्या दिवशी मांडव बऱ्यापैकी भरला होता. मुंबईहून येणारे पाहुणे उशिरा आले आणि लवकर गेले. भाषणांमध्ये भाऊंचं नाव इतक्यांदा घेतलं गेलं की विचारू नका. भाऊंना ज्यांनी दोनदा पाडलं ते तर सगळ्यात जास्त वेळ बोलले. काकू जरीकाठी पांढरं लुगडं नेसून व्यासपीठावर बसल्या होत्या, मांडीवर हात, नजर समोर. मग त्यांनी पडद्याची दोरी ओढली. दोरी अडकली. पुन्हा ओढली, तर पडदा दांडीसकट खाली आला आणि काळ्या दगडावरची सोनेरी अक्षरं उघडी पडली: आमदार कै. गोपाळकृष्ण विनायक सोवनी उद्यान.

मी माइकसमोर उभी राहून वाचलं, "माझे पती आमदार कैलासवासी गोपाळकृष्ण विनायक सोवनी यांच्या स्मरणार्थ हे उद्यान मी रत्नागिरीच्या नागरिकांना अर्पण करते." वाक्य काकूंसाठी लिहिलेलं, ते मला देताना नगराध्यक्षांच्या आणि वाचताना माझ्याही लक्षात आलं नव्हतं, की मी काकूंच्या नवऱ्याला सगळ्या गावासमोर माझे पती म्हणतेय. माझे खरे पती दुसऱ्या रांगेत बसले होते. ते रुमाल तोंडात घालून हसत होते, आणि पुढे वर्षभर ते मला आमदारीणबाई म्हणत.

मांडव रिकामा झाला तरी काकू दगडापाशी उभ्या होत्या. त्यांनी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बोट फिरवलं, लहान मूल पाटीवर गिरवतं तसं. "दगडात आहे गो," मला म्हणाल्या. "आता काही जायचं नाही." इतक्या समाधानाने मी त्यांना बोलताना क्वचित ऐकलंय. भाऊ गेल्यापासून त्यांना एकच घोर होता, की चहा पिऊन गेलेली माणसं भाऊंना विसरणार. दगड पाहून तो घोर मिटला.

पण बागेत त्या दगडाशिवाय एक हत्तीही होता.

पालिकेने मुलांसाठी सिमेंटचा मोठा हत्ती बांधून घेतला होता. शेपटीकडून पायऱ्या चढायच्या आणि सोंडेवरून घसरत खाली यायचं. लोकार्पणाच्या दिवशी त्याचा रंग अजून ओला होता. भाषणं चालू असतानाच माझी सात वर्षांची लेक सावनी त्याच्यावरून पहिली घसरली आणि नवा फ्रॉक राखाडी करून आली. तिच्या मागून आळीतली सगळी पोरं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या तोंडी 'हत्तीची बाग' हे नाव बसलंसुद्धा. यात त्यांचा काय दोष? सात वर्षांच्या पोराला तुम्ही 'आमदार कैलासवासी गोपाळकृष्ण विनायक सोवनी उद्यानात खेळायला जातो' म्हणायला लावणार का? पोरांचं ऐकून आयांच्या तोंडी हत्तीची बाग आली, आयांचं ऐकून भाजीवालीच्या, आणि तिच्या तोंडी आली की मग रिक्षावाल्यांच्या. दोनेक वर्षांत गाव तिला दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखेनासं झालं.

बाग मात्र छान चालली. गुलमोहर वाढले, बाकांवर म्हातारी माणसं येऊन बसू लागली, परीक्षेच्या दिवसांत मुलं पुस्तकं घेऊन येऊ लागली. भाऊंना जे हवं होतं ते सगळं झालं होतं, आणि हे काकूंना कळत होतं. त्या कोणावर चिडल्या नाहीत. दगडावर बोगनवेल आली तर त्या स्वतः कात्रीने छाटायच्या. अक्षरांचा सोनेरी रंग पावसाने उडाला, तेव्हा बाजारातून छोटी डबी आणि ब्रश आणला आणि बागेतच जमिनीवर पाट ठेवून बसल्या. मी शेजारी छत्री धरून उभी होते. तेव्हापासून दर वर्षी भाऊंच्या तिथीच्या आधी त्या अक्षरं रंगवत. अक्षरं पुन्हा चकचकीत व्हायची. येणाजाणारे त्यांच्याकडे कौतुकाने बघायचे आणि दगड न वाचता हत्तीकडे जायचे.

रिक्षाचं दुखणं याच काळात सुरू झालं. काकूंचं घर शोधायची खूण म्हणजे ती बाग. बाजारातून, दवाखान्यातून परत येताना त्या रिक्षावाल्याला म्हणत, "नाचण्याच्या रस्त्याला, बागेशी." रिक्षावाला विचारे, "हत्तीच्या?" काकू मान हलवत. दुसरं काय करणार? नाव घ्यायचं नाही, मग दुसऱ्याने दिलेलं चुकीचं नाव मान हलवून मान्य करायचं. रिक्षातून उतरल्यावर कधी कधी त्यांचा चेहरा असा व्हायचा की दवाखान्यात डॉक्टरने काहीतरी वाईट सांगितलंय असं मला वाटायचं.

"मीच हो म्हणते गो त्यांना," एकदा मला म्हणाल्या. तेवढंच बोलल्या आणि कुलूप काढून आत गेल्या.

दोन हजार सहाच्या दिवाळीनंतरची गोष्ट. नाचण्याच्या रस्त्यावरून बागेकडे जिथे वळायचं तिथे पालिकेने एक नवी हिरवी पाटी लावली. बाण, आणि त्याच्या पुढे मोठ्या अक्षरांत: हत्ती उद्यान. सकाळी दूध आणायला गेले तेव्हा मी ती पाहिली आणि माझं डोकं फिरलं. पोरांनी म्हणावं, रिक्षावाल्यांनी म्हणावं, पण ज्यांनी ठराव केला त्यांनी? काकूंना कळू नये असं मला वाटत होतं. पण त्यांनी ती माझ्याआधीच पाहिली होती. मी घरी पोहोचले तर त्या माझ्या ओट्यावर चप्पल घालून बसलेल्या.

"पालिकेत जाऊया," म्हणाल्या. "तू रजा टाक."

आमदारीणबाई पालिकेत आल्या आहेत हे पूर्वी दारातच सगळ्यांना कळलं असतं. आता माणसं बदलली होती. आम्हाला बागांचं काम बघणाऱ्या टेबलाकडे पाठवलं. तिथे सखाराम नावाचा कारकून होता, चाळिशीचा, गुहागरकडचा, वागायला अतिशय नम्र. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या. पंखा आमच्याकडे फिरवला.

"बोला आजी, काय काम होतं?"

"त्या बागेच्या पाटीचं," काकू म्हणाल्या.

"कुठल्या? हत्तीच्या?"

आणि काकूंनी, सवयीने, मान हलवली.

मी मधे पडले आणि सगळं सांगितलं. ठराव, लोकार्पण, दगड, सगळं, आवाज जरा चढवूनच. सखारामने शांतपणे ऐकून घेतलं. तो म्हणाला, "बाई, नाव कोणी बदललेलं नाही. कागदोपत्री सोवनीसाहेबांचंच आहे आणि तेच राहील. पाटी नुसती रस्ता दाखवायला. गणपतीपुळ्याहून येणारी माणसं विचारतात, हत्तीची बाग कुठे. त्या दुसऱ्या नावाने कोणी विचारतच नाही हो. मी इथे चार वर्षं आहे, एका माणसाने विचारलं नाही." मग तो काकूंकडे वळला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. "आता आजी, तुम्हीच बघा. मी हत्तीच्या का म्हटलं, तर तुम्हीसुद्धा हो म्हणालात."

माझ्या ओठांवर बरंच काही आलं होतं. पण काकू उठल्या. "खरं आहे तुमचं," त्याला म्हणाल्या, आणि पदर सारखा करून चालू लागल्या. मला त्यांच्या मागे अक्षरशः धावावं लागलं.

पालिकेच्या बाहेर रिक्षांची रांग असते. काकू पहिल्या रिक्षापाशी जाऊन थांबल्या. रिक्षावाला पोरसवदा होता, कानात वायर घालून गाणी ऐकत होता. त्याने एक वायर काढली.

"कुठे, आजी?"

मी नेहमीसारखी सांगायला तोंड उघडलं तर काकूंनी माझा हात दाबला.

"आमदार गोपाळकृष्ण विनायक सोवनी उद्यान," काकू म्हणाल्या.

मी त्यांच्या शेजारी लहानाची मोठी झाले. तो आवाज माझ्या ओळखीचा, ते नाव माझ्या ओळखीचं, पण दोन्ही एकत्र मी कधी ऐकली नव्हती. भर रस्त्यात माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंचा चेहरा पांढरा पडला होता आणि त्या समोर बघत उभ्या होत्या. काहीतरी होईल, निदान कोणीतरी वळून बघेल, असं त्यांना वाटत असावं.

"असली बाग नाय हां इथं," पोरगा म्हणाला. "तुमाला हत्तीच्या बागेत तर नाय ना जायचा?"

"नाही," काकू म्हणाल्या आणि दुसऱ्या रिक्षाकडे गेल्या.

त्या रिक्षावाल्यापुढे त्यांनी तेच पूर्ण नाव घेतलं, आमदारपासून उद्यानपर्यंत. तो माणूस वयाने मोठा होता. त्याने विचार केला, शेजारच्या पानवाल्याला विचारलं, पानवाल्याने गिऱ्हाइकाला विचारलं. कोणालाच सांगता येईना. "मालगुंडला असंल," एक जण म्हणाला. मला राहवेना. मी म्हटलं, "काकू, हत्तीची सांगूया आणि घरी जाऊया. उन्हात उभ्या राहू नका."

"तू हवं तर जा," काकू म्हणाल्या. रागाने नाही. "मला वाटायचं वैदेही, मी घेत नाही म्हणून ते नाव माझं आहे. आणि बाकीचे घेतायत, म्हणून ते टिकून आहे. आता कोणीच घेत नाही गो. मग मी कोणासाठी जपून ठेवू?"

मी त्यांच्याबरोबर तिसऱ्या रिक्षाकडे गेले.

तिसरा रिक्षावाला रावजी नावाचा होता, ते नाव मागाहून कळलं. पाली भागातला, डोक्याला टक्कल, पुढे आरशाला लिंबूमिरची. काकूंनी नाव घेतलं. रावजीने मान खाजवली.

"उद्यान काय म्हायती नाय बाय," तो म्हणाला. "पन हे सोवनी कोन?"

"माझे यजमान," काकू म्हणाल्या.

रावजीने काकूंकडे नीट पाहिलं. मग तो खाली उतरला आणि मागच्या सीटवरची धूळ फडक्याने पुसली.

"बसा," म्हणाला. "रस्ता तुमी सांगा."

काकू बसल्या आणि बोलायला लागल्या. मारुती मंदिर येईपर्यंत भाऊंची पहिली निवडणूक सांगून झाली होती. त्या आता 'हे' म्हणत नव्हत्या, 'आमच्याकडे' म्हणत नव्हत्या. गोपाळकृष्ण असे होते, गोपाळकृष्ण तसं म्हणाले, असं दर वाक्यात नाव घेत होत्या, साठलेलं पाणी एकदम सुटावं तशा. रावजी हं हं करत होता. मी बाहेर बघत होते, कारण माझं रडू थांबत नव्हतं आणि काकूंना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. नव्या हिरव्या पाटीपाशी त्या म्हणाल्या, "इथे डावीकडे," आणि पाटीकडे पाहिलंही नाही.

पालिकेची पाटी अजून तशीच आहे. हत्तीही आहे, त्याचा एक कान तुटलाय. मुलं हत्तीची बागच म्हणतात आणि काकू मुलांना काही म्हणत नाहीत. पण रिक्षावाल्यांना सोडत नाहीत. बाजारात, दवाखान्याबाहेर, स्टँडवर, जिथे रिक्षा करतील तिथे त्या पूर्ण नाव सांगतात आणि हत्ती म्हणणाऱ्याच्या रिक्षात पाऊल ठेवत नाहीत. माझ्या निम्म्या रजा त्यांच्याबरोबर रस्त्यात उभं राहण्यात गेल्या. सुरुवातीला रिक्षावाले वैतागले, मग हसले, मग शिकले. दुसरं करतात काय?

मागच्या महिन्यात मी त्यांना डोळे तपासायला घेऊन गेले होते. बाहेर आलो तर दवाखान्यासमोर एकच रिक्षा होती आणि आत नवखा पोरगा. काकू जवळ गेल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आतच तो म्हणाला, "आजी, सोवनी उद्यान ना? रावजीदादानं सांगितलंय."

मी सुटले म्हणून आत शिरले. काकू बाहेरच उभ्या.

"पूर्ण घे," त्या म्हणाल्या.

पोरगा गोंधळला. मी आतून हळूच सांगायला लागले, तर काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरकून बसले. पोराने आठवत आठवत, अडखळत, आमदारपासून सुरुवात केली. मधे विनायक विसरला. काकूंनी विनायक सांगितलं आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावलं. त्याने घेतलं, आणि मग त्या बसल्या.